नाशिकच्या मुरमातून रियुनियन बेट: ज्वालामुखी बेटाची जिवंत प्रतिकृती कशी करावी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी मांडायचा म्हटला की मातीचा उभा शंकू, तोंडात खाण्याचा सोडा आणि वरून व्हिनेगर, हे ठरलेलं असतं. लाल फेस येतो, टाळ्या पडतात. पण त्यातून शिकायला मिळतं ते बहुतेक चुकीचं. लाव्हा आम्ल आणि अल्कलीच्या अभिक्रियेतून येत नाही. समुद्रातली मोठी ज्वालामुखी बेटं उभ्या शंकूची नसतात, ती पसरट असतात. आणि फेस ओसरल्यावर बेटाचं पुढे काय होतं, तिथे पाऊस कुठे पडतो, काय उगवतं, याबद्दल तो शंकू काहीच सांगत नाही.

इथे दिलेली प्रतिकृती तयार व्हायला दहा आठवडे लागतात. त्यातले जवळपास सहा आठवडे नुसते पाणी घालण्यात आणि नोंदी करण्यात जातात. आठवी ते बारावीच्या चार-पाच मुलांच्या गटाला हे काम झेपतं.

कोणतं बेट निवडायचं

ज्वालामुखी बेटं मुख्यतः तीन ठिकाणी तयार होतात. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथे, जसं अंदमानातलं बॅरन बेट आणि त्याच्या उत्तरेचं नारकोंडम. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे, जसं आइसलँड आणि त्याच्या दक्षिणेला १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून वर आलेलं सुर्त्से. आणि भूपट्टाच्या मधोमध, खालून प्रावरणाचा (कवचाखालच्या जाड थराचा) तप्त खडक वर चढत राहतो तिथे, म्हणजे हॉटस्पॉटवर. हवाई आणि हिंद महासागरातलं, मादागास्करच्या पूर्वेचं रियुनियन या तिसऱ्या प्रकारात येतात.

नाशिककरांनी रियुनियन घ्यावं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा भारतीय भूपट्ट ज्या हॉटस्पॉटवरून सरकत होता, तोच आज रियुनियनखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूपट्ट सरकत गेले आणि मागे माग राहिला: दख्खन, लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. म्हणजे ब्रह्मगिरीचा काळा कातळ आणि रियुनियनवर आज थिजणारा लाव्हा एकाच मुळाचे. नाशिक ते रियुनियन सरळ अंतर सुमारे ५,००० किलोमीटर. त्याला ६.६ कोटी वर्षांनी भागलं की वर्षाला साधारण साडेसात सेंटिमीटर येतात. फलकावर हे गणित जरूर मांडा, पण खाली "सरासरी" असं लिहा. एकेकाळी भारताचा वेग याच्या दुप्पट होता, पुढे तो मंदावला.

लाव्हा वर येतो कसा: जिलेटिनची चाचणी

प्रतिकृतीआधी ही चाचणी करून घ्या, म्हणजे मुलांच्या डोक्यातली "आतली नळी" निघून जाईल. खोलवरचा खडक तापलेला असूनही वरच्या दाबामुळे घनच राहतो. तो वर चढतो तसा दाब उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. हा वितळलेला भाग वर येतो तो गोल नळीतून नव्हे, तर भेगांतून, पातळ उभ्या पात्यांच्या रूपात.

एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम बिनगोडीचं जिलेटिन घ्या. ते आधी पाव लिटर थंड पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग उरलेलं पाणी उकळून त्यात घाला, ढवळा आणि पसरट वाडग्यात ओतून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वाडगा काही क्षण कोमट पाण्यात धरून, चार-पाच मिलिमीटरची भोकं पाडलेल्या फळीवर पालथा करा. फळी दोन विटांवर ठेवा. लाल रंगाचं पाणी भरलेली सिरिंज खालून भोकातून वर खुपसा आणि अगदी सावकाश दाबा. एखाद-दुसरं मिलिलिटर गेलं की जिलेटिनमध्ये एक लाल पातं उभं राहतं आणि कडेकडे सरकत जातं.

बिघडतं ते तीन कारणांनी. सिरिंजमध्ये हवा राहिली तर पात्याऐवजी बुडबुडे दिसतात. जोरात दाबलं तर पाणी भोकाच्या कडेने खालीच गळतं. आणि एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकमध्ये जिलेटिन अर्ध्या तासात बसायला लागतं, म्हणून ही चाचणी सकाळीच उरका. जिलेटिन प्राणिज असतं. घरी चालत नसेल तर आधीच सांगून शाळेत करा.

मोजमाप

रियुनियन सुमारे ६३ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ जवळपास २,५१२ चौरस किलोमीटर. आडवं प्रमाण १ : १,००,००० धरा, म्हणजे एक किलोमीटरला एक सेंटिमीटर. बेट ६३ × ४५ सेंटिमीटरचं होतं आणि एक चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक चौरस किलोमीटर. हे पुढे पाणी मोजताना फार उपयोगी पडतं.

उंचीला हेच प्रमाण ठेवलं तर ३,०७० मीटरचं पितों दे नेज हे सर्वांत उंच शिखर जेमतेम तीन सेंटिमीटर भरेल. म्हणून उंची चौपट करा. सूत्र सोपं आहे: मीटरला २५० ने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये. पितों दे नेज १२.३ सेंटिमीटर, आणि आग्नेयेकडचा २,६३२ मीटरचा जागृत पितों द ला फुर्नेज १०.५ सेंटिमीटर. दोन्ही शिखरांत सुमारे २९ सेंटिमीटर अंतर ठेवा. "उंची चौपट दाखवली आहे" ही ओळ प्रतिकृतीवर ठळक लिहा. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात.

बेटाचा खरा पसारा पाण्याखाली आहे. समुद्रतळापासून मोजलं तर हा डोंगर सुमारे सात किलोमीटर उंच आणि तळाशी २२० किलोमीटरहून रुंद भरतो. हे मागच्या फलकावर खऱ्या प्रमाणात काढा: १ : २,००,००० घेतलं तर एक मीटर दहा सेंटिमीटर लांब आणि फक्त साडेतीन सेंटिमीटर उंच. इतकी चपटी आकृती पाहून लोक थबकतात. शंकूची कल्पना मोडायला याहून चांगला उपाय नाही.

सामान

१२ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लायवूड, ७५ × ६० सेंटिमीटर, खाली दोन आडव्या पट्ट्या आणि कडेने पाच सेंटिमीटरची चौकट. चाळलेला मुरूम दहा लिटर, सिमेंट एक लिटर. बांबूच्या कबाब काड्या ५०. जाड प्लास्टिकची शीट. जुनं गोणपाट. कुंडीसाठी मातीचं मिश्रण पाच लिटर: दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. नुसती काळी माती वापरू नका. ती सुकली की भेगाळते आणि उतारावरून ढपल्यासकट सुटते.

मुरूम कुठूनही चालेल, पण बांधकामाच्या खोदाईतला घेतला तर त्यात दाखवण्याजोगे तुकडेही मिळतात: घट्ट काळा पाषाण, पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला मांजऱ्या, आणि दोन थरांमधली गेरूसारखी तांबडी पट्टी. मांजऱ्यातल्या पोकळ्या म्हणजे लाव्हातून निसटणाऱ्या वायूचे बुडबुडे. त्यांत नंतर झिरपलेल्या पाण्याने स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट अशी खनिजं जमवली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने आहेत. तांबडी पट्टी बहुतेक ठिकाणी जुन्या लाव्हाच्या माथ्यावर झिजून झालेली माती असते. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्यावर ऊनपाऊस झाला आणि मग दुसरा आला. हे तिन्ही नमुने प्रतिकृतीशेजारी ठेवा. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे आणि अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र. तिथून खडाही उचलायचा नाही.

उभारणी

नकाशा ६३ × ४५ सेंटिमीटरचा छापून प्लायवूडवर चिकटवा. समोच्चरेषांवर आणि शिखरांवर काड्या ठोका, प्रत्येक काडी त्या जागेच्या उंचीनुसार कापलेली. ५० काड्या पुरतात, पण शिखरांभोवती आणि किनाऱ्याजवळ त्या दाट हव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचं काम, जे बहुतेक जण विसरतात. उत्तर किनाऱ्यापासून पितों दे नेजवरून दक्षिण किनाऱ्यापर्यंत प्लास्टिकची शीट उभी करा, प्लायवूडपासून माथ्याच्या वर एक सेंटिमीटर येईल अशी, आणि तळाशी सिलिकॉनने चिकटवा. ही पूर्व आणि पश्चिम उतारांमधली भिंत. ती नसेल तर पूर्वेला घातलेलं पाणी मुरमातून झिरपत पश्चिमेला पोचतं, दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या होतात आणि सहा आठवड्यांची मेहनत वाया जाते. चौकटीला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी दोन-दोन भोकं पाडा आणि खाली वेगळी भांडी ठेवा.

मुरूम आणि सिमेंट दहाला एक या प्रमाणात, मुठीत वळेल इतकंच पाणी घालून कालवा. एकाच वेळी सगळं ओतू नका. तीन-तीन सेंटिमीटरचे थर घ्या, प्रत्येक थर चोपा आणि काडीच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर खाली थांबा. वरचा दीड सेंटिमीटर मातीचा आहे. पितों दे नेजभोवती तीन खोल खळगे कोरा: ईशान्येला सालाझी, वायव्येला माफात, दक्षिणेला सिलाओस. जुना ज्वालामुखी खचून आणि पावसाने कापून हे कढईसारखे खळगे झाले आहेत, आणि तिथे वस्तीही आहे. फुर्नेजच्या माथ्यावर उथळ, रुंद विवर ठेवा. २००७ च्या एप्रिलमध्ये ते सुमारे ३०० मीटर खचलं होतं.

आठवडाभर रोज पाणी मारा, आणि हे पाणी भोकांतून वाहून जाऊ द्या. सिमेंटचा चुना धुतला गेला नाही तर रोपं पहिल्या पानांतच पिवळी पडतात. मग गोणपाट अंथरा, त्यावर माती दाबून बसवा. गोणपाटाशिवाय पूर्व उतारावरची माती दुसऱ्याच आठवड्यात पायथ्याशी जमते. फुर्नेजच्या पूर्वेकडे किनाऱ्यापर्यंत हाताएवढी पट्टी मात्र मातीविना ठेवा आणि तिथे क्रशरचा कच चिकटवा. तो ताजा लाव्हा.

दोन ढिगांची लहानशी चाचणी

एका टबात क्रशरच्या कचाचे एक-एक किलोचे दोन ढीग करा. एकावर सिमेंटची पातळ रबडी ओतून दोन दिवस वाळवा. मग टबात ढिगांच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घालून फळीने पाच मिनिटं लाटा द्या. उघडा ढीग सपाट होतो. बेट टिकणार की जाणार, हे बऱ्याच अंशी याच फरकावर ठरतं. सुर्त्सेच्या मुखात समुद्राचं पाणी शिरत होतं तोवर स्फोटांतून नुसती राख उडत होती. पाणी अडल्यावर लाव्हा वाहिला, त्याने राखेवर कवच घातलं आणि बेट तगलं. उद्रेक जून १९६७ मध्ये थांबला तेव्हा ते २.७ चौरस किलोमीटर होतं. आज लाटांनी झिजून निम्म्याच्या आसपास उरलं आहे.

हवामान: इथे हात आखडू नका

रियुनियनवर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात. समुद्रावरून आलेली दमट हवा पूर्व उतारावर चढते, थंड होते, ढग बनतात आणि पाऊस तिथेच पडतो. पूर्व किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, फुर्नेजच्या पूर्व उतारांवर त्याच्या कितीतरी पट, आणि पश्चिम किनाऱ्याच्या कोरड्या पट्ट्यात ५०० च्या आसपास. वादळं आली की आकडे विश्वास बसू नये असे होतात: २००७ च्या फेब्रुवारीत गामेड चक्रीवादळात क्रातेर कॉमर्सन इथे ७२ तासांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला.

मुलांकडून हे गणित करून घ्या. किनाऱ्यावर हवा २६ अंश. ६०० मीटरपर्यंत ढग नाही, तिथवर किलोमीटरला १० अंश उतरतात: २० अंश. पुढे २,४०० मीटरपर्यंत ढग आहे. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून किलोमीटरला ६ अंशच: उरले ९.२. पलीकडे कोरडी झालेली हवा पूर्ण २,४०० मीटर उतरताना किलोमीटरला १० अंशांनी तापते: ३३.२ अंश. त्याच हवेत सात अंशांची वाढ. प्रत्यक्षात पुष्कळशी हवा डोंगर न चढता कडेने वळसा घेते, त्यामुळे इतका फरक क्वचितच दिसतो. हा आकडा कमाल मर्यादा म्हणून मांडा.

नाशिक जिल्ह्यात हाच खेळ आडवा पसरला आहे. नैऋत्य मोसमी वारे थळघाटातून वर येतात, इगतपुरीत ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस देतात. जेमतेम ४५ किलोमीटरवर नाशिक शहरात ७०० च्या आसपास उरतो, आणि येवला-नांदगावकडे त्याहून कमी. फरक एकच, पण तो लिहायला हवा: रियुनियनवर हवा पलीकडे पुन्हा समुद्रसपाटीला उतरते, नाशिकला ती पठारावरच राहते. म्हणून इथली पर्जन्यछाया कोरडी आहे, पण बेटावरच्यासारखी तापत नाही.

पेरणी आणि पाणी

बरेच जण पूर्वेला नेचे आणि पश्चिमेला निवडुंग लावून मोकळे होतात. ते सजावट झाली, प्रयोग नाही. दोन्ही बाजूंना तेच बी, तितकंच पेरा आणि निवड पाण्याला करू द्या. भात, नागली आणि बाजरी, प्रत्येकी ५० दाणे पूर्वेला, ५० पश्चिमेला. पीकं मुद्दाम इथली घेतली आहेत: इगतपुरी-पेठ-सुरगाण्यात भात आणि नागली, येवला-मालेगावकडे बाजरी, हा पट्टा पाहणाऱ्याला आधीच माहीत असतो. भात आणि बाजरी एक सेंटिमीटर खोल, नागली जेमतेम झाकेल इतकीच. पहिले पाच दिवस दोन्हीकडे सारखं पाणी, म्हणजे उगवण होईल.

त्यानंतर हिशेब. प्रत्येक बाजूचं क्षेत्रफळ आलेखकागदावर चौकोन मोजून काढा. चौरस सेंटिमीटरला १० ने भागलं की एक मिलिमीटर पावसाला लागणारं पाणी मिलिलिटरमध्ये मिळतं. १,२०० चौरस सेंटिमीटरला १२० मिलिलिटर. पूर्वेला रोज अडीच मिलिमीटर, म्हणजे ३०० मिलिलिटर, फवाऱ्याने. पश्चिमेला तेवढंच, पण दर सहाव्या दिवशी. एकूण प्रमाण सहास एक.

पश्चिमेला रोज ५० मिलिलिटर का नाही? कारण ते वरचेवर उडून जातं, मुळांना थेंब मिळत नाही, आणि सगळंच मरतं. कोरड्या मुलखात पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा सरीने पडतो.

पहिले दहा दिवस काही फरक दिसत नाही, कारण रोप दाण्यातल्या साठ्यावर जगतं. मुलं इथेच कंटाळून पाणी वाढवतात. वाढवू देऊ नका. तिसऱ्या आठवड्यापासून पश्चिमेचा भात टोकाकडून वाळू लागतो, बाजरी तग धरते. पूर्वेला भात चांगला, पण बाजरीची काही रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. बुरशी दिसली तर औषध मारू नका, फक्त मोजा. दर आठवड्याला जिवंत रोपं आणि पाच रोपांची सरासरी उंची, एवढ्या दोन नोंदी पुरे.

प्रतिकृती छपराखाली, सकाळचं ऊन मिळेल अशी ठेवा. पेरणी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात करा. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी नोव्हेंबरात पेरलं तर रात्रीच्या थंडीत भात आणि बाजरी नीट उगवतच नाहीत. निफाडच्या शाळांनी तर हा बेत ऑक्टोबरच्या आतच संपवावा आणि प्रदर्शनात छायाचित्रं आणि तक्ते लावावेत.

उंचीचे पट्टे आणि पाहुणे जीव

माथ्याकडे पेरू नका, तिथे रंगीत टाचण्यांनी पट्टे दाखवा. १,२०० ते १,९०० मीटर, म्हणजे प्रतिकृतीत ५ ते साडेसात सेंटिमीटर, इथे ढगांत राहणारं तामारिनचं जंगल. हे झाड बाभळीच्या कुळातलं, आणि जनुकीय अभ्यासानुसार ते हवाईतल्या कोआ झाडाचा वंशज. एवढा समुद्र त्याच्या बीने ओलांडला. त्याच्या वर बुटकी झुडपं आणि मग उघडा खडक.

नव्या लाव्हावर पहिला जीव कोण, हे कचाच्या पट्टीजवळ लिहा. सुर्त्सेवर पहिलं फुलझाड १९६५ मध्ये दिसलं, तेही किनाऱ्यावर वाहून आलेल्या बियांतून. पुढे समुद्रपक्ष्यांची वसाहत झाली, त्यांच्या विष्ठेने जमीन सुधारली आणि गवत फोफावलं. वेगळं पडलेलं ठिकाण वेगळे जीव घडवतं, याला समुद्रच लागतो असं नाही. नारकोंडमचा धनेश फक्त त्या सुमारे सात चौरस किलोमीटरच्या बेटावर नैसर्गिकरीत्या सापडतो, तसं सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प अंजनेरीच्या डोंगरावरून प्रथम नोंदवलं गेलं आणि ते अतिशय दुर्मीळ आहे. त्याचं फक्त चित्र लावा.

नेताना

ओली प्रतिकृती २५ किलोच्या आसपास भरते. नेण्याच्या आदल्या दिवशी पूर्वेलाही पाणी घालू नका आणि भोकांना कापडाचे बोळे लावा. दोघांनी तळाच्या पट्ट्यांना धरून उचला, चौकटीला धरलं तर खिळे सुटतात. रिक्षात तिरपी ठेवण्यापेक्षा टेम्पोत सपाट ठेवा, खाली जुनी गादी. प्रदर्शनाच्या जागी पोचल्यावर बोळे काढा, पूर्वेला ३०० मिलिलिटर द्या, आणि मोजपात्र तिथेच टेबलावर राहू द्या.